तीन पुल्यांची एक रेषा

१९६७ च्या आधीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या अंगाला, इंजिनाला खेटून, वीतभर लांबीचं एक काळं नळकांडं दिसतं. तो लुकासचा सी-४० डायनामो. बावीस अँपिअर ही त्याची कमाल मजल. फॅनबेल्टवर फिरतो, बॅटरी भरतो. कम्युटेटर साफ ठेवला आणि मागच्या बुशाच्या भोकात वेळेवर तेलाचे थेंब सोडले, तर साठ वर्षांनंतरही मुकाट्याने काम करत राहतो. माझ्याकडे येणारे बरेच जण हा डायनामो काढून त्या जागी अल्टरनेटर बसवून मागतात. मी ते काम आवडीने करतो. या कामातला सगळ्यात जास्त वेळ अल्टरनेटरला लागत नाही, वायरिंगलाही लागत नाही. तो लागतो अल्टरनेटर ज्याच्यावर टांगायचा त्या लोखंडी ब्रॅकेटला. गाडीचा मालक ते एकदाही निरखून पाहत नाही, आणि त्याने पाहावं असं त्यात काही नसतंही. पण सगळं काम त्याच्यावर उभं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. हातात पान्हा आला तो उद्यमनगरातल्या एका गॅरेजात. तिथे तेव्हा सरकारी आणि साखर कारखान्यांच्या ॲम्बॅसेडर यायच्या. त्या गाडीचं इंजिन डोळे मिटून उघडता येईल इतकं अंगवळणी पडलं होतं. पुढे इंग्लंडला आलो, वॉरिकशरमधल्या एका लहानशा वर्कशॉपात जुन्या गाड्यांच्या कामाला लागलो, आणि पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उचललं तेव्हा परक्या मुलुखात घरचं माणूस भेटलं. बीएमसीचं बी-सिरीज इंजिन! १९५५ साली एमजीए निघाली ती १४८९ सी.सी.चं बी-सिरीज इंजिन घेऊन. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं ते त्याच मापाचं, त्याच कुळातलं. १९६२ साली एमजीबी आली तेव्हा ते वाढून १७९८ सी.सी.चं झालं. टॅपेट कव्हर, वॉटर पंप, बाजूला टांगलेला डायनामो, सगळं ओळखीचं. आमच्या चेअरमनसाहेबांच्या पांढऱ्या गाडीचा आणि ॲबिंग्डनला तयार झालेल्या स्पोर्ट्स कारचा गोतावळा एकच आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

डायनामो काढायचा कशासाठी, हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो. केवळ जुना आहे म्हणून काढायचा असेल, तर राहू द्या म्हणतो. पण कारण खरं असेल तर ते आकड्यांत दिसतं. डिसेंबरात इथे दुपारी चारलाच अंधारून येतं, वर पाऊस. मोठे दिवे साठ-साठ वॅटचे, म्हणजे एकशेवीस. मागचे दिवे, नंबर प्लेटचा आणि डॅशबोर्डचा दिवा मिळून तीसेक. इग्निशन कॉइल चाळीसच्या आसपास. वायपर आणि हीटरचा पंखा मिळून ऐंशी धरा. ढोबळ हिशेब दोनशेसत्तर वॅटचा होतो, म्हणजे वीस-एकवीस अँपिअर. डायनामो देणार जास्तीत जास्त बावीस, तेही इंजिन चांगलं पळत असताना. गाडी सिग्नलला थांबली आणि इंजिन आयडलवर आलं की डायनामो काहीच देत नाही. डॅशबोर्डवर इग्निशनचा लाल दिवा मंद पेटतो, आणि सगळा भार मागच्या दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर पडतो. कोणी रेडिएटरला विजेचा पंखा लावलेला असेल तर हिशेब तिथेच फसला.

यात डायनामोचा दोष नाही, त्याची घडणच तशी आहे. त्याच्यात वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. तयार झालेला सगळा करंट कम्युटेटर आणि कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढावा लागतो. म्हणून करंटला मर्यादा येते. आर्मेचर फार जोरात फिरवलं तर त्याची गुंडाळी उचकटते, म्हणून वेगालाही मर्यादा येते, आणि म्हणूनच त्याची पुली फार लहान ठेवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये मांडणी उलटी आहे. चुंबक फिरतो, वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर गुंडाळीत, आणि ब्रशांमधून जातो तो फक्त चुंबकाला लागणारा दोन-चार अँपिअरचा करंट. त्यामुळे तो बेलाशक जोरात फिरवता येतो, आणि आयडलवरही बॅटरी भरतो. ही युक्ती जुनीच होती. फक्त उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करायला स्वस्त सिलिकॉन डायोड मिळेपर्यंत ती गाडीत परवडत नव्हती. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटला अल्टरनेटर दिला. जग्वारच्या ई-टाइपला तो १९६४ मध्ये, ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर मिळाला. एमजीबीला मिळायला १९६७ ची अखेर उजाडली. म्हणजे आपण जुन्या एमजीबीला अल्टरनेटर बसवतो तेव्हा कारखान्याने पुढे जे केलं तेच थोडं आधीच्या गाडीला करत असतो. हे काम करताना माझ्या मनाला टोचणी लागत नाही, ती यामुळे.

मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक त्यांची १९६५ सालची गाडी घेऊन आले. रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, जरासा सायीकडे झुकणारा. गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली. सोबत एक खोका होता: नवा अल्टरनेटर, बेल्ट आणि ब्रॅकेटचा संच.

“मला ही गाडी जपून ठेवायची नाही, चालवायची आहे,” ते म्हणाले. “आठवड्यातून एकदा रात्री चर्चच्या गाण्याच्या सरावाला जातो. परत येताना दिवे पिवळे पडतात.”

एवढं कारण मला पुरलं.

खोक्यातून ब्रॅकेट काढून हातात घेतलं. लेझरने कापलेला सहा मिलिमीटरचा पत्रा, वाकवून वेल्ड केलेला, वर काळंभोर पावडर कोटिंग. दिसायला देखणं. खोक्यावर छापलेलं होतं की ते थेट बसतं, काही करावं लागत नाही. असं छापणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते एका इंजिनावर माप घेतात आणि हजारांसाठी माल काढतात, दुसरं ते काय करणार? पण इंजिनाचा ब्लॉक ओतीव असतो, आणि ओतीव लोखंडाची गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. आमच्याकडे गल्लोगल्ली फौंड्र्या. साच्याचे दोन भाग जुळवताना केसभर सरकले, गाभा जरा कलला, की उंचवटा जागचा हलतो. मशिनिंग केलेला भाग बरोबर येतो, पण त्याच्या शेजारचा कच्चा भाग नाही. त्यात साठ वर्षांत चढलेले रंगाचे थर, कधीतरी बदललेला वॉटर पंप, कोणीतरी घासून सपाट केलेली कड. म्हणून माझं पक्कं मत आहे की विकत आणलेलं ब्रॅकेट हा कच्चा माल असतो. ते पक्कं होतं ते आपल्या बाकावर, समोरच्या त्या एका इंजिनाकडे पाहून.

उद्यमनगरात आमचे मिस्त्री तयार ब्रॅकेट विकत आणायचेच नाहीत. पुढे ॲम्बॅसेडरला अल्टरनेटर बसवायची मागणी यायला लागली तेव्हा ते आधी पुठ्ठा घ्यायचे. ब्लॉकवरच्या भोकांवर पुठ्ठा दाबायचा, बोटाने चोळायचा, भोकांचे ठसे उमटले की कात्रीने कापायचा, अल्टरनेटर हातात धरून पाहायचा, पुन्हा कापायचा. पुठ्ठा बसला की मग पत्र्याला हात लावायचा. लेझरचा पत्रा हातात असूनही मी ती पद्धत सोडलेली नाही. पुठ्ठ्याचा तुकडा ब्लॉकवर आणि मग ब्रॅकेटवर ठेवला की दोन्ही भोकं कुठे आणि किती चुकतात ते लगेच कळतं. कॅलिपरने तेच कळायला जास्त वेळ जातो.

आता ब्रॅकेट नेमकं कशासाठी लागतं? डायनामो लांब असतो. त्याचा पुढचा कान वॉटर पंपाच्या अंगाला असलेल्या कानाशी बोल्टने जोडलेला, मागचा कान ब्लॉकवरच्या आधाराला, आणि खाली बेल्ट ताणायची खाच असलेली पट्टी. अल्टरनेटर जाड पण आखूड. त्याचा पुढचा कान जागेवर येतो, पण मागचा ब्लॉकवरच्या आधारापर्यंत पोहोचत नाही. तो आधार पुढे आणून द्यायचा, एवढंच ब्रॅकेटचं काम. कोणी मधली जागा लांब बोल्ट आणि वायसरांची चळत घालून भरतात. तसं मी कधीही करत नाही. वायसरांची चळत हा आधार नव्हे. बोल्ट वाकतो, आणि वाकलेला बोल्ट एक ना एक दिवस तुटतो.

सुरुवात होते खरवडण्यापासून. ब्लॉकवर जिथे ब्रॅकेट टेकणार तिथला रंग उघड्या लोखंडापर्यंत काढायचा. ब्रॅकेटच्या टेकणाऱ्या बाजूचं पावडर कोटिंगही काढायचं. नव्या, देखण्या रंगाला ब्लेड लावताना मालक बाजूला उभा असेल तर त्याचा जीव वरखाली होतो, पण त्याला दोन कारणं आहेत. एक, पावडर कोटिंग जाड आणि मऊ असतं. बोल्टखाली ते दबत राहतं आणि आवळलेला बोल्ट काही दिवसांत सैल पडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अल्टरनेटरची अर्थ त्याच्या अंगातूनच जाते: अंगातून ब्रॅकेटला, ब्रॅकेटमधून ब्लॉकला. मध्ये रंगाचा थर असेल तर वाट अडते. मग मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं आणि दिवे मात्र पिवळेच राहतात. लुकासच्या विजेच्या सामानाची इंग्लंडात फार टिंगल होते, लुकासला अंधाराचा राजकुमार म्हणतात. मला ती टिंगल अन्यायाची वाटते. मी उघडून पाहिलेल्या बहुतेक तक्रारींत सामान शाबूत होतं आणि अर्थ गंजलेली किंवा रंगाखाली गाडलेली होती. मी उघडं लोखंड उघड्या लोखंडावर बसवतो, बाहेरच्या कडेला गंज धरू नये म्हणून ग्रीसचा पातळ हात फिरवतो, आणि शिवाय अल्टरनेटरपासून ब्लॉकपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टीही जोडतो.

मग निळा रंग. ब्लॉकच्या उंचवट्यावर मार्किंग ब्लूचा अगदी पातळ थर, त्यावर ब्रॅकेट कोरडंच ठेवायचं, बोल्ट न लावता. दोन अंगठ्यांनी आळीपाळीने दाबायचं. शिक्षकांच्या गाडीवर ते डुगडुगलं, एक पाय आखूड असलेल्या चौरंगासारखं. उचलून पाहिलं तर निळा ठसा दोनच ठिकाणी, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. मधे सगळं कोरडं. बोल्ट आवळले असते तर डुगडुग गेली असती, कारण दोन बोल्टांचा जोर सहा मिलिमीटरचा पत्राही वाकवतो. पण तो वाक ब्रॅकेटच्या अंगात कोंडून राहतो, गाडी उभी असतानाही ते ताणलेलंच असतं. त्यावर इंजिनाचं कंपन येतं. चार सिलिंडरच्या या इंजिनात दर फेरीला दोन हिसके बसतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर ते सेकंदाला शंभर होतात, तासाला तीन लाख साठ हजार. आधीच ताणलेल्या लोखंडाला हे फार काळ सोसत नाही. तडा जातो, आणि जवळजवळ नेहमी आतल्या कोपऱ्यात किंवा वेल्डच्या कडेला जातो.

म्हणून कानस. ठसा उमटला तिथेच घासायचं, दोन-चार हात, जास्त नाही. पुसायचं, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा ठेवायचं. ठसे दोनाचे चार होतात, चारांचे पसरट डाग होतात, आणि एक वेळ अशी येते की अंगठ्याखाली ब्रॅकेट हलतच नाही. घट्ट आणि निर्जीव वाटतं. हाताला ते कळतं. हे काम घाईने होत नाही आणि मशीनवर नीट होत नाही, कारण मशीन ब्रॅकेट सपाट करील, पण ब्लॉक सपाट नाही. दोन वाकड्या गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. त्याच बैठकीत अर्धगोल कानशीने आतला कोपरा गोल करून घेतो आणि लेझरने सोडलेल्या धारा मोडतो. पत्र्याची जाडी मात्र मी आधीच बघतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तीनाऐवजी सहा मिलिमीटर घेतला तर तो आठपट ताठ होतो. तीन मिलिमीटरचं ब्रॅकेट कोणी आणलं तर मी ते बसवून देत नाही, परत पाठवतो.

लुकासच्या अल्टरनेटरच्या मागच्या कानात एक छोटी सोय आहे आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. त्या कानात पोलादी बुश असतं, आणि ते थोडं पुढेमागे सरकतं. बोल्ट आवळला की ते सरकून ब्रॅकेटला टेकतं, उरलेली फट भरून निघते, आणि ॲल्युमिनियमचा कान वाकत नाही. कारखान्यात मापं थोडीफार चुकणार हे ज्याने धरलं, त्याने चुकीला सरकायला जागा ठेवली. गंजून हे बुश अडकलं असेल तर आधी ते सोडवावं. अडकलेल्या बुशावर बोल्ट आवळला की कान कडकन तुटतो, आणि ॲल्युमिनियम तुटण्याआधी सूचना देत नाही. नव्या नकली अल्टरनेटरांत काही वेळा हे बुश नसतंच. मग फट मोजून नेमक्या जाडीचा पोलादी स्पेसर लेथवर काढावा. इथे अंदाज चालत नाही.

आता रेषा. क्रँकची पुली, वॉटर पंपाची पुली आणि अल्टरनेटरची पुली, तिन्हींच्या खाचा एका पातळीत हव्यात. क्रँकची पुली आपण हलवू शकत नाही, म्हणून माप तिच्यापासून घ्यायचं. सरळ पोलादी पट्टी तिच्या तोंडाला लावायची आणि अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्यायची. पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसते, त्यामुळे कडा जुळल्या म्हणजे खाचा जुळल्या असं समजू नये. मी खाचेत नव्या बेल्टचा तुकडा बसवून त्याच्या मध्यापासून माप घेतो. पट्टीच्या मागे टॉर्च धरला की उजेडाची फट दिसते. फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर पुली तिरकी आहे. दोन्हीकडे सारखी असेल तर पुली सरळ आहे, फक्त पुढेमागे आहे. या दोन गोष्टींचे इलाज वेगळे. दुसरीला कानाखाली पातळ शिम पुरतो. पहिलीला ब्रॅकेटच पुन्हा बाकावर न्यावं लागतं. शिक्षकांच्या गाडीची पुली सरळ होती पण अर्धा सूत पुढे होती. मागच्या कानातलं बुश मोकळं असल्याने अल्टरनेटर तेवढा मागे घेता आला.

हे माप बेल्ट न लावता घेतलेलं असतं, आणि बरेच जण इथेच थांबतात. मी बेल्ट चढवून, पूर्ण ताण देऊन पुन्हा पट्टी लावतो. ताण बसला की ब्रॅकेट किती ताठ आहे ते उघडं पडतं. कमकुवत ब्रॅकेटवरचा अल्टरनेटर इंजिनाकडे तोंड वळवतो आणि मघाची सरळ रेषा मोडते. ताणाखाली रेषा टिकली तरच ब्रॅकेट बसलं असं मी म्हणतो. पुढे महिन्याभराने गाडी आली की पुलीच्या एकाच कडेला काळी रबराची भुकटी साठली आहे का ते पाहतो. भुकटी दिसली तर रेषा कुठेतरी चुकली आहे, मालकाची काही तक्रार नसली तरी.

बेल्ट किती ताणावा? सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबावा, इतकाच. अल्टरनेटर जास्त ओढतो म्हणून बेल्ट तारेसारखा ताणायची खोड अनेकांना असते, आणि तिचा दंड वॉटर पंपाचं बेरिंग भरतं. हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, हे विसरू नये. ब्रॅकेट तुटलं तर फक्त दिवे जात नाहीत, इंजिनात पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिन तापून बसतं. ताण देताना लाकडी दांडा वापरावा आणि तो अल्टरनेटरच्या पुढच्या, पुलीकडच्या भागावरच टेकवावा. मागच्या झाकणावर जोर दिला तर आतले डायोड आणि बेरिंगची बैठक दुखावते.

बोल्टांविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, कारण इथे चांगले हातही चुकतात. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली आट्यांचं एक सामाईक माप ठरवलं. एमजीबीचे बहुतेक बोल्ट त्या मापाचे, यूएनएफ आट्यांचे. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आजच्या संचात अनेकदा आठ मिलिमीटरचे बोल्ट येतात. डोळ्याला फरक दिसत नाही. ब्लॉकमध्ये फिरवला तर एक-दोन फेऱ्या बिनतक्रार जातो, मग अडतो. तिथे पान्ह्याला जोर दिला की ब्लॉकचे आटे गेलेच. नवा बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, नाही फिरला तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही. याच्याही आधीच्या, टी-सिरीजच्या एमजींमध्ये तर याहून मोठा घोटाळा आहे. मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. त्या कारखान्याची यंत्रं फ्रेंच मापाची होती. त्यामुळे पुढे तिथल्या इंजिनांच्या बोल्टांना आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्ह्याची. ती इंजिनं उघडताना मला त्या कामगारांची मनापासून आठवण येते. मिळेल त्या यंत्रावर त्यांनी चोख काम केलं.

वायरिंग त्यामानाने सरळ आहे. १९६५ च्या या गाडीची पॉझिटिव्ह अर्थ, ती निगेटिव्ह करावी लागते. सीटमागच्या दोन्ही बॅटऱ्या फिरवायच्या. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब जाड असतो, म्हणून वायरींची टोकंही बदलावी लागतात. कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. स्टार्टर तसाच ठेवायचा, कारण त्याच्या गुंडाळीत दोन्हीकडचा करंट एकदमच उलटतो आणि तो पूर्वीच्याच दिशेने फिरतो. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर मात्र आतून बदलून घेतल्याशिवाय चालत नाही, आणि जुना रेडिओ असेल तर तो आधी काढून ठेवावा. डायनामोचा कंट्रोल बॉक्स, लुकासचा आरबी-३४०, मी जागेवरच ठेवतो, नुसता जोडपेटी म्हणून. त्यातली डी आणि बी ही टर्मिनलं एकत्र, एफ आणि डब्ल्यूएल एकत्र. डायनामोची जाड वायर आता अल्टरनेटरचं उत्पन्न वाहते, बारीक वायर डॅशबोर्डच्या दिव्याला जाते. मूळ जाड वायर बावीस अँपिअरच्या हिशेबाने घातलेली आहे. नवा अल्टरनेटर चौतीस किंवा पंचेचाळीसचा असेल तर तिच्या जोडीला आणखी एक जाड वायर टाकावी. यात काटकसर केली तर वायर तापते.

आपल्याकडच्या गॅरेजांत एक सवय मी लहानपणापासून पाहिली. डायनामो चार्ज करतो का ते बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. अल्टरनेटरवर हे कधीही करू नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळी मारतं आणि डायोड जळतात. मीटर लावून बघावं.

काम संपल्यावर शिक्षकांना बोलावलं. इंजिन आयडलवर, सगळे दिवे, वायपर आणि हीटर चालू. मीटर चौदा व्होल्टच्या आसपास स्थिर. लाल दिवा विझलेला. त्यांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “नवी भोकं कुठे पाडली?” एकही पाडलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. या प्रश्नामुळे तो माणूस मला फार आवडला. जुन्या गाडीवर काम करताना मी हीच अट पाळतो. ब्लॉकमध्ये भोक नाही, मडगार्डच्या पत्र्यात भोक नाही, मूळ वायर कापायची नाही. उद्या दुसऱ्या कोणाला ही गाडी १९६५ ला होती तशी करायची असेल, तर त्याला ती एका दिवसात करता आली पाहिजे. डायनामोच्याच कवचात लपवलेले अल्टरनेटर आता मिळतात. त्यांना ब्रॅकेट लागत नाही आणि बॉनेट उघडल्यावर गाडी जशीच्या तशी दिसते. किंमत बरीच जास्त. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला मी तेच सुचवतो. रोज चालवायच्या गाडीला साधा अल्टरनेटर आणि नीट बसवलेलं ब्रॅकेट बरं, कारण रस्त्यात बिघडला तर कोणत्याही गावात दुसरा मिळतो.

एक मागणी मी प्रत्येक मालकाकडे करतो, आणि पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात ज्यांच्या शेडमध्ये एखादी जुनी एमजी, हेराल्ड किंवा ॲम्बॅसेडर उभी आहे त्यांच्याकडेही करतो. अल्टरनेटर जरूर बसवा, पण काढलेला डायनामो भंगारवाल्याला देऊ नका. त्याची पुली, जुना आधार, पट्टी, प्रत्येक बोल्ट आणि वायसर तेलाच्या कागदात गुंडाळा, एका पेटीत भरा, वर गाडीचा नंबर आणि काढल्याची तारीख लिहा. कंट्रोल बॉक्समध्ये कोणती वायर कुठून कुठे हलवली त्याचा कागद आत ठेवा. गाडी विकाल तेव्हा ती पेटी डिकीत ठेवून मगच चावी द्या.